भैरवीला दार उघडं

पहिली माती पडली ती हॉलचं दार सांभाळत खुर्चीवर बसलेल्या तात्या निंबाळकरांच्या काळ्या टोपीवर. तात्यांनी टोपी काढली, फुंकर मारली, परत डोक्यावर ठेवली आणि डोळे मिटून मान डोलवायला लागले. थोड्या वेळानं पुन्हा माती पडली. त्यांनी पुन्हा टोपी झटकली. मान वर करून बघावं असं काही त्यांना सुचलं नाही. आमच्या बाई गात असताना कुणालाच काही सुचायचं नाही, आणि सुचलं तरी हलायची कुणाची छाती नव्हती.

मी मात्र बघत होते. तानपुऱ्यावर बसणाऱ्या पोरीला दुसरं काम काय असतं? चार तारा छेडायच्या आणि समोर बघत राहायचं. गाणारीची पाठ आणि ऐकणाऱ्यांची तोंडं, दोन्ही फक्त तिलाच दिसतात.

कोल्हापुरात आमच्या पेठेत तेव्हा गाण्याबजावण्याची नुसती रेलचेल होती. एका कोपऱ्यावर बँडवाल्यांची दुकानं, पलीकडे नाटकाचं थिएटर, तालमीच्या मागच्या बाजूला शाहिरांची बैठक, आणि या सगळ्याच्या मधोमध आमची स्वरसभा. स्वरसभा म्हणजे लांबट दगडी हॉल. एका टोकाला रंगमंच, त्याच्या मागं फक्त कलाकारांसाठी एक लहान दार, आणि दुसऱ्या टोकाला लोकांचं मोठं दार. दाराच्या बरोबर वर लाकडी माडी. माडीवर जायला कोपऱ्यातून एकच जिना, तोही असा अरुंद की एक माणूस खाली येत असला तर दुसऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. माडीच्या कठड्यावर जुन्या गवयांच्या तसबिरी ओळीनं टांगलेल्या होत्या. आम्ही गाणाऱ्यांनी समोर बघितलं की ती सगळी गेलेली मंडळी आमच्याकडे बघत असायची.

महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथं मैफल व्हायची आणि वर्षातून एकदा ती माझ्या गुरूंची, द्वारकाबाई वाळवेकरांची असायची. बाईंच्या मैफलीला पाय ठेवायला जागा नसायची, आणि आवाज म्हणाल तर टाचणी पडली तरी ऐकू यावी. बाईंची शिस्तच तशी होती. गाणं सुरू झालं की दार बंद. मध्येच उठायचं नाही, खोकायचं नाही, पाय वाजवायचे नाहीत. एकदा कुणा बड्या साहेबांची खुर्ची करकरली तर बाईंनी गाणं थांबवलं आणि म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या, मग मी गाते." साहेब पुढचे दोन तास लाकडासारखे बसून होते म्हणे. पेठेतले लोक ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. आपल्याला कुणी इतकं दटावतं याचाही लोकांना अभिमान वाटतो, काय म्हणायचं याला.

मी बाईंना सगळ्यांपेक्षा जास्त भीत होते. त्यांच्याकडे शिकायला लागून सहा-सात वर्षं झाली होती, पण त्यांच्या दारात चप्पल अजून मी आवाज न करता काढायचे. त्यांचं घर दुमजली होतं आणि तानपुरे वरच्या खोलीत असायचे. बाई स्वतः कधी वर जायच्या नाहीत. जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून ओरडायच्या, "नले, आण खाली," आणि मी धावत सुटायचे. मोठ्या माणसांचा मान, असं मी समजत होते.

त्या रविवारी पहिल्यांदाच आई मला बघायला आली होती. आई एका दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत आया होती. रविवारची सुट्टी तिला कधी मिळायची नाही, ती तिनं महिनाभर आधीपासून मागून ठेवली होती. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती आली आणि दारातच घुटमळायला लागली. सतरंजीवर बसलेली माणसं बघून म्हणाली, मी आपली हितं पायरीवर बसते. मीच तिला हाताला धरून माडीवर नेलं. डावीकडच्या कोपऱ्यात भिंतीशी बसवलं. म्हटलं, इथं तुला कुणी उठवणार नाही.

आणि माती पडत होती ती डावीकडच्याच कोपऱ्यातून.

बाईंची तोडी चालू होती. पहिल्यांदा मला वाटलं, उंदीर असेल. पण मातीबरोबर पिवळसर भुगा यायला लागला तसा उंदराचा विचार मी सोडला. मी सुताराची पोर. बाबा जुन्या घरांच्या तुळया बदलायची कामं करायचे. तुळईच्या टोकाशी असा भुगा दिसला की ते शिडीसुद्धा लावायचे नाहीत. आधी घरातल्या माणसांना बाहेर काढायचे, चुलीवरचं तसंच टाकून. वाळवी आतून खाते आणि वरून रंग तसाच राहतो, असं ते सांगायचे. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझ्या मनात आलं, आत्ता ते इथं असते तर बाईंच्या तोडीचीही पर्वा न करता उभे राहिले असते.

मी तसबिरींच्या ओळीकडे बघितलं. ती ओळ सरळ नव्हती. डावीकडच्या दोन तसबिरी बाकीच्यांपेक्षा खाली आल्या होत्या. मला वाटलं, माझी नजर फिरली असेल. डोळे मिटले, उघडले. बाईंनी एक तान घेतली, सगळ्या हॉलनं मान डोलावली, माडीवरची माणसंही मागेपुढे झाली, आणि मला माझ्या डोळ्यांनी दिसलं, तो कोपरा बोटभर आणखी खाली बसला.

माडीवर पन्नासएक माणसं होती. त्यांतल्या काहींना ते जाणवलंच असणार. एका पोरसवद्या मास्तरांनी दचकून कठडा धरला, शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. मास्तर गप्प बसले. बाई गात होत्या ना. एवढी शहाणीसुरती माणसं, बुडाखालची जमीन सरकत होती आणि बसली होती तशीच. मला रडू फुटायची वेळ आली. पण मी तरी काय करत होते? मीही चार ताराच छेडत होते. उठून ओरडावं तर बाई काय म्हणतील, ही भीती आई खाली पडेल या भीतीएवढीच मोठी होती. आज हे सांगताना माझं मलाच नवल वाटतं, पण होतं तसं.

शेवटी मी पुढं वाकले. बाईंच्या कानाशी तोंड नेलं. आजवर स्टेजवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. म्हटलं, "बाई, माडी खचतेय. डावा कोपरा."

बाईंनी मान वळवली नाही. आलाप चालूच ठेवला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग दिसलं, त्यांची नजर हळूहळू वर चढली, तसबिरींवरून फिरली आणि डावीकडे येऊन थांबली. त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला. एवढंच. सूर जराही हलला नाही. समेवर येऊन त्यांनी तोडी आवरती घेतली आणि टाळ्या चालू असताना ओठ न हलवता मला म्हणाल्या, "एक शब्द मोठ्यानं बोलू नकोस. लोकांचं दार एक, जिना एक. पळापळ झाली की माणसं पडून मरत नाहीत, तुडवली जाऊन मरतात. लहानपणी मी बघितलंय."

मग त्यांनी तबल्यावरच्या शौकतभाईंकडे बघून नुसतं "भैरवी" म्हटलं. शौकतभाई बुचकळ्यात पडले. मैफल अर्धीसुद्धा झाली नव्हती. पण बाईंना का म्हणून विचारणारा अजून जन्माला यायचा होता. त्यांनी हातोडी घेऊन तबला पुन्हा लावून घेतला.

बाईंचा हिशेब सरळ होता. भैरवी झाली की मैफल संपली. चार मिनिटांत आटपायची, नमस्कार करायचा, लोक आपले आपण शांतपणे उठून जातील. मलाही हायसं वाटलं. आम्ही दोघीही एक गोष्ट साफ विसरलो होतो.

स्वरसभेत भैरवीला दार उघडायचं अशी पद्धत होती. ज्यांना आत जागा मिळाली नाही, जे समोरच्या चहाच्या टपरीवर, बँडवाल्यांच्या फळीवर, पायऱ्यांवर बसून कर्ण्यातून ऐकायचे, त्यांनाही शेवटी आत येऊन बाईंचं तोंड बघता यावं, म्हणून. ही पद्धत घातली होती कुणी? बाईंनीच. दुसऱ्यांची मैफल असली तरी ती पाळली जायची.

भैरवीचा पहिला सूर लागला मात्र, तात्या निंबाळकर खुर्चीवरून उठले, टोपी सारखी केली आणि आनंदानं दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. बाहेरची गर्दी चपला काढून गुपचूप आत आली. खाली जागा कुठं होती? तात्या, भला माणूस, प्रत्येकाला हातानं जिना दाखवत होते.

माणसं माडीवर चढायला लागली. बँडवाल्यांपैकी एक चांगला धिप्पाड क्लॅरिनेटवाला होता, तोही चढला. तो वर पोचला तसा लाकडाचा आवाज आला. मोठा नव्हे, कुणी बोट मोडावं तसा. तानपुऱ्यावरची माझी बोटं थांबली आणि बाई मागं न बघता पुटपुटल्या, "वाजव."

आई भिंतीशी होती. नवीन आलेल्यांना जागा देत देत ती आणखी कोपऱ्यात सरकत होती. सवयच तिला ती, सगळ्यांना जागा द्यायची.

मला वाटलं, आता संपलं. आता बाई तरी काय करणार?

बाईंनी गाणं थांबवलं. म्हणजे शब्द थांबवले, षड्ज धरून ठेवला, आणि त्या हसल्या. मी त्यांना स्टेजवर हसताना कधी बघितलं नव्हतं. लोकांनीही नव्हतं. सगळा हॉल चमकला.

"वरची मंडळी फार लांब बसलीत," त्या म्हणाल्या. "आज मला माणसं जवळ हवीत. खाली या. माझ्याजवळ, इथं, स्टेजवर येऊन बसा. आधी भिंतीकडचे, मग पुढचे. एकामागं एक. आणि माझ्या भैरवीत पाय वाजलेले मला चालणार नाहीत, माहीत आहे ना? मांजराच्या पावलांनी यायचं."

लोकांना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. बाईंच्या स्टेजवर बसायचं म्हणजे काय. आणि काय सांगू, ती सगळी माणसं, तो धिप्पाड क्लॅरिनेटवालासुद्धा, अशी चवड्यांवर, श्वास रोखून, एकेक पायरी उतरली की त्या जुनाट लाकडाला धक्का म्हणून बसला नाही. बाईंच्या धाकाला मी आयुष्यभर नावं ठेवली होती मनातल्या मनात. त्या दिवशी तो धाकच माणसांना हाताला धरून खाली आणत होता. बाई दोन ओळी गायच्या, मग हातानं खूण करायच्या, पुढचे चौघे उठायचे. माडीखाली बसलेल्यांनाही त्यांनी असंच पुढं ओढलं. "तात्या, तुम्ही काय दारावर पहारा करताय? या पुढं." तात्या लाजत लाजत आले. त्यांच्या टोपीवर मातीचा थर होता.

स्टेज भरलं. आमच्या गुडघ्यांना माणसांचे गुडघे लागले. माडी रिकामी झाली.

रिकामी कसली. माझी आई तिथंच होती.

हे बोलावणं आपल्यासाठी नाहीच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बाईंनी मंडळींना बोलावलं होतं, आणि मंडळी म्हणजे मोठी माणसं. समोरची जागा मोकळी झाली तशी ती उलट खूश होऊन पुढं सरकली, डाव्या कोपऱ्यातच, आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवून, हातांवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत बसली. तिच्या तोंडावर असं हसू होतं की ते बघून मला ओरडावंसं वाटलं.

"ती कोण?" बाईंनी विचारलं.

"आई माझी."

"नाव?"

"सोनाबाई."

बाईंनी माइकवरून हाक मारली. सोनाबाई, तुम्हीही या. आईनं आधी मागं वळून बघितलं, दुसरी कुणी सोनाबाई आहे का म्हणून. मग दोन्ही हात जोडून मान हलवली आणि पुन्हा कठड्यावर रेलली. हितनं चांगलं दिसतंय, असू दे, असं ती खुणेनं सांगत होती. हॉलमध्ये खसखस पिकली. मी हातानं तिला ये म्हटलं. तिनंही मला हात हलवून दाखवला. पुढच्या रांगेतली दोन पोरं तिला आणायला उठली तशी बाईंनी त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलं. दोन तरणी पोरं त्या जिन्यावरून धडाधडा चढली असती तर काय झालं असतं ते आम्हाला दोघींनाच कळत होतं.

मी तानपुरा खाली ठेवायला लागले. म्हटलं, मी जाते.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "तू उठलीस, रडलीस, तर सगळे उठतील. तू म्हण."

"काय?"

"भैरवी म्हण. काही झालं तरी आवाज थांबता कामा नये. मी येईपर्यंत."

आणि बाई उठल्या. चालू भैरवीत, भरल्या मैफलीत, द्वारकाबाई वाळवेकर गादीवरून उठल्या. शौकतभाईंचा ठेका चुकता चुकता राहिला. बाईंनी पदर खांद्यावरून घेतला आणि माणसांमधून वाट काढत त्या मागं चालल्या. लोक पाय आवरून वाट देत होते. पांढरी साडी, पाठ ताठ. कुणाला काही कळेना.

मी गायला लागले. स्टेजवर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. पहिला सूर कुठून आला मला ठाऊक नाही. ऐकणाऱ्यांनी नंतर सांगितलं की तुझ्या आवाजात काय आर्तता होती. आर्तता कुठली आलीय, भीती होती ती. माझा जीव त्या जिन्यावर होता. बाई जिन्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी वाट बघत होते, गात होते, आणि त्या काही वर पोचेनात. एवढासा तो जिना. मला वाटलं, काय झालं यांना, मध्येच थांबल्या की काय. डाव्या कोपऱ्यातून आता भुग्याची बारीक धार लागली होती.

मग पांढरी साडी वर दिसली. बाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. तशाच हळूहळू, भिंतीला धरून त्या आईपर्यंत गेल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. बसल्या! मला वाटलं होतं, दंडाला धरून ओढून आणतील. आणि या खाली बसून आईशी काहीतरी बोलत होत्या. मी डोळे फाडून बघत होते आणि तोंडानं सूर लावत होते.

तेवढ्यात टोकाची तसबीर निखळली. खाली फरशीवर काच फुटली. सगळ्या माना मागं वळायला लागल्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट, मी थांबले की हे उठतील. मी होता नव्हता तेवढा जोर लावून वरचा षड्ज लावला आणि धरून ठेवला. माझी आई आणि माझ्या बाई दोघी त्या फळ्यांवर असताना मी तो सूर धरला होता. शौकतभाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि अशी काही जलद, खटकेबाज लग्गी वाजवायला सुरुवात केली की वळलेल्या माना पुन्हा आमच्याकडे फिरल्या.

दोघी उठल्या. आई पुढं, बाई मागं, हात हातात. जिन्यात दिसेनाशा झाल्या. मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. मग जिन्याच्या पायथ्यातून त्या दोघी हॉलमध्ये आल्या आणि माझा आवाज फाटला. भर मैफलीत घळाघळा रडायला लागले मी. लोकही रडत होते. त्यांना वेगळंच वाटत होतं, पण ते पुढं सांगते.

बाई स्टेजपाशी आल्या. म्हणाल्या, आज शेवट आपण अंगणात करू, मोकळ्या हवेत. स्टेजच्या मागचं कलाकारांचं दार त्यांनी उघडायला लावलं. बाई गात गात त्यातून बाहेर पडल्या, आणि त्यांच्या मागं सगळा हॉल एकेक करून मागच्या अंगणात आला. तात्या शेवटचे. भैरवी संपली आणि टाळ्या सुरू झाल्या, तेव्हाच आतून आवाज आला. ट्रकमधून विटा ओताव्यात तसा. दारातून धुळीचा लोट बाहेर आला. टाळ्या एकदम थांबल्या. माणसं एकमेकांकडे बघत होती आणि हळूहळू एकेकाच्या तोंडचं पाणी पळत होतं. तात्या निंबाळकर तिथंच मातीत बसले आणि टोपी हातात घेऊन लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

बाई माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "पंचम उतरला होता तुझा. उद्या सकाळी ये लवकर."

पेठेनं या गोष्टीचा आपला आपण अर्थ लावला. माडी पडली तो दैवी योगायोग, बाईंच्या पुण्याईनं माणसं वाचली. आणि बाई गादीवरून उठल्या ते शिष्येला गादी द्यायला. भर मैफलीत आपली जागा मला दिली आणि स्वतः जाऊन माझ्या आईशेजारी बसल्या, एवढं मोठं मन. वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं. बाईंनी ते वाचलं आणि त्यावर वाटाणे निवडले. खरं काय ते सांगू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, काही गरज नाही. खरं कळलं तर लोक पुन्हा कुठल्याच माडीवर बसणार नाहीत.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही पोरींना शिकवते, दटावतेही. आई शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दुपारी मी तिच्याशेजारी बसायचे. जुन्या गोष्टी निघायच्या. एकदा स्वरसभेचा विषय निघाला. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी बाई वर आल्या म्हणून तू वाचलीस."

आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मला कुठं वाचवलं? मीच त्यास्नी खाली आणलं."

मला वाटलं, वयानं गोंधळलीय. पण ती नीट सांगायला लागली. बाई वर आल्या आणि तिच्याशेजारी मटकन बसल्या. तोंड पांढरंफटक. म्हणाल्या, सोनाबाई, मला उंचावर फार भीती वाटते. लहानपणापासून. चढून आले, पण आता उतरता येत नाही. मला खाली घेऊन चला.

"मग काय," आई म्हणाली. "मी उठले. मानसाला धीर द्यायला नगं? म्हटलं, माझा हात धरा, खाली बघू नगा, मी हाय."

मला हसू आलं. काय पण बाईंची युक्ती. आई स्वतःसाठी जागची हलली नसती, पण दुसऱ्याला गरज आहे म्हटल्यावर ती बसून राहिली नसती, हे बाईंनी एका नजरेत ओळखलं होतं. मी तसं म्हणाले आईला. म्हटलं, अगं, ती त्यांनी थाप मारली तुला.

"थाप?" आई जवळजवळ रागावली. "जन्म गेला माझा बाळंतिणींचे हात धरण्यात. पहिलटकरणीचा हात कसा असतोय ठाऊक हाय तुला? गार, घामानं भिजलेला, आणि असा आवळून धरत्यात की हाडं मोडतील. तसा हात हुता त्यांचा. सगळा जिना डोळे मिटून उतरल्या. पाय असे लटलट कापत हुते. थाप मारणाऱ्याचा हात मला कळत न्हाई व्हय?"

जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून "नले, आण खाली" म्हणणाऱ्या बाई मला आठवल्या. वर पोचायला त्यांना लागलेला वेळ आठवला, भिंतीला धरून टाकलेली पावलं आठवली. आई उशीवर मान टेकवून छताकडे बघत होती.

"तुम्ही सगळी उगीच भीत हुता त्यास्नी," ती म्हणाली. "लई भित्री बाई हुती बिचारी. पण वर आली बघ."